एकच यंत्र, चाळीस विनंत्या : ग्रीडी कुठे चालतं आणि कुठे तोंडघशी पाडतं?

अर्धविराम | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, प्रोग्रॅमिंग हा माझा धंदा नाही. गरजेपुरतं पायथन येतं, तेवढंच. आमच्या प्रयोगशाळेत एक महागडं यंत्र आहे आणि ते एका वेळी एकालाच वापरता येतं. दर आठवड्याला चाळीसेक विनंत्या येतात, "अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत हवं" अशा. कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जास्तीत जास्त लोकांना वेळ मिळावी, एवढीच अट.

मी आपलं डोकं चालवलं की सर्वांत छोटी विनंती आधी घ्यावी. ती कमी जागा अडवते, म्हणजे जास्त लोक मावतील. दोन महिने तसंच चाललं. परवा एका सहकारी बाईंनी माझी यादी घेतली, कागदावर दोन मिनिटं खाडाखोड केली आणि माझ्यापेक्षा एक माणूस जास्त बसवून दाखवला. वर म्हणाल्या, "जी विनंती सगळ्यात आधी संपते ती घे. मग तिला न अडणाऱ्यांतली जी आधी संपते ती. बाकी काही बघू नकोस."

करून पाहिलं, खरंच जास्त बसतात. पण पटत नाही. लांबी बघायची नाही, सुरुवात बघायची नाही, कोण कितीजणांना आडवं येतंय तेही बघायचं नाही. नुसता शेवट बघून उत्तर बरोबर कसं येतं? आणि शेवटच का? सुरुवातीने काय घोडं मारलंय?

टिंबटिंब | सोमवार, रात्री ९:१२

पहिला! (आता वाचतो.)

शून्याधारित | सोमवार, रात्री ९:३१

@टिंबटिंब, सर्वांत आधी सुरू होणाऱ्याला निवडायचं नसतं, हाच तर धाग्याचा विषय आहे.

अर्धविराम, तुझ्या सहकारी बाईंचं बरोबर आहे. या प्रश्नाला इंटरव्हल शेड्युलिंग म्हणतात आणि त्यांनी सांगितलेली पद्धत म्हणजे ग्रीडी अल्गोरिदमचं (दर पायरीला समोरचं सर्वांत चांगलं दिसेल ते उचलायचं) घरोघरी शिकवलं जाणारं उदाहरण. तुझी पद्धत कुठे फसते ते आधी बघ. तीन विनंत्या घे : ९ ते १, १२:३० ते २, आणि १:३० ते ६. सर्वांत छोटी मधली, दीड तासाची. ती घेतलीस की दोन्ही बाजूंची माणसं बाहेर. तुझा हिशोब एकावर थांबला, प्रत्यक्षात दोघं बसत होते.

सुरुवातीचं तर विचारूच नकोस. सोमवारी सकाळी ८ ते शुक्रवारी संध्याकाळी ६ असा एकच अर्ज आला की सगळ्यात आधी सुरू होणारा तोच. आठवडा संपला.

मात्र तुझे दोन महिने अगदीच वाया गेलेले नाहीत. "छोटी आधी" या पद्धतीने सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याहून कमी कधीच मिळत नाही. कारण तू निवडलेली एखादी छोटी विनंती सर्वोत्तम यादीतल्या फार तर दोघांना आडवी जाऊ शकते, एकाला डावीकडून, एकाला उजवीकडून. तिघांना गेली असती तर त्यातला मधला तिच्या पोटात पूर्ण मावला असता, म्हणजे तो तिच्याहून छोटा असता आणि तू त्यालाच आधी उचलला असतास.

आळशी_उंट | सोमवार, रात्री ९:४४

'ग्रीडी'ला मराठीत काय म्हणायचं? एका पुस्तकात 'लोभी' वाचलं होतं, तेव्हापासून तो अल्गोरिदम माझ्याकडे व्याज मागेल असं वाटतं.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९:४७

हावरट. ताटात दिसलं ते उचललं, पुढच्याचा विचार नाही, उचललेलं परत ठेवणं नाही. चपखल आहे.

आळशी_उंट | सोमवार, रात्री ९:४९

हावरटच ठरलं मग. ठराव मंजूर.

चष्मिष्ट | सोमवार, रात्री १०:०५

सर्वांचा आदर ठेवून असहमत. लांबी आणि सुरुवात दोन्ही फसतात, मान्य. पण खरी गोष्ट भांडणाची आहे. ज्या विनंतीचं सगळ्यात कमी जणांशी भांडण आहे ती आधी घ्या, तिच्याशी भांडणारे खोडा, उरलेल्यांचं पुन्हा मोजा. मी सभागृहाच्या नोंदी कित्येक वर्षं याच पद्धतीने लावतोय आणि ती एकदाही चुकलेली नाही. शून्याधारितने दिलेल्या तिन्ही विनंत्यांवर लावून बघा, बरोबर दोन येतात. शेवटाकडे बघायचा नियम हा योगायोगाने चालणारा शॉर्टकट वाटतो.

शून्याधारित | सोमवार, रात्री १०:३८

चष्मिष्ट, तुमची पद्धत चुकवायला जरा घाम गाळावा लागतो, म्हणूनच ती फसवी आहे. अकरा विनंत्या घ्या.

० ते ३, ४ ते ७, ८ ते ११, १२ ते १५ : या चार एकमेकींना धक्का लावत नाहीत.
६ ते ९ : ही एक, मधोमध.
२ ते ५ : हुबेहूब तीन.
१० ते १३ : याही हुबेहूब तीन.

आता भांडणं मोजा. मधल्या ६ ते ९ चं फक्त दोघांशी. कडेच्या दोघींचं प्रत्येकी तिघांशी, बाकी सगळ्यांचं चौघांशी. तुमचा नियम मधलीला उचलणार. ती आली की ४ ते ७ आणि ८ ते ११ गेल्या, आणि मग डावीकडून एक, उजवीकडून एक. एकूण तीन. आधी संपणाऱ्यांच्या नियमाने मात्र पहिल्या ओळीतल्या चारही बसतात.

आणि "एकदाही चुकलेली नाही" हे कशावरून? प्रत्येक वेळी सर्वोत्तम उत्तर काढून ताडून पाहिलं होतं का? चाळीस विनंत्यांचे सगळे उपसंच तपासायचे तर ते १ लाख कोटींच्या वर जातात.

चष्मिष्ट | सोमवार, रात्री ११:०२

कागदावर काढलं. तीनच.

ताडून पाहिलं नव्हतं. कुणी तक्रार केली नाही म्हणजे बरोबर आहे, असं धरून चाललो होतो. माघार.

कावळेकाका | सोमवार, रात्री ११:०४

या संस्थळावर कुणीतरी "माघार" लिहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गणिताच्या_बाई | मंगळवार, सकाळी ७:२०

अर्धविराम, "का" हे अजून कुणी सांगितलं नाही. उदाहरणं दाखवून बाकीचे नियम पाडता येतात, पण त्यामुळे उरलेला नियम उभा राहत नाही. कदाचित तोही पडेल, अजून कुणाला बारावी विनंती सुचली नसेल इतकंच. म्हणून सिद्धता हवी.

नेहमी शिकवतात ती अदलाबदलीची. कुणीतरी सर्वोत्तम यादी आणून द्यावी. तिच्यातली पहिली विनंती काढा आणि तिच्या जागी संपूर्ण ढिगातली सर्वांत आधी संपणारी ठेवा. नवी विनंती जुनीच्या आधी किंवा तिच्याबरोबरच संपते, त्यामुळे पुढच्या कुणालाही तिचा धक्का लागत नाही. संख्या तीच राहिली. मग दुसरी, मग तिसरी, असं करत त्यांची यादी आपल्या यादीत बदलत जाते आणि वाटेत एकही माणूस गळत नाही.

पण मला स्वतःला दुसरी सिद्धता जास्त आवडते, खिळ्यांची. वेळेची रेघ भिंतीवर काढली आहे असं समजा. आपण निवडलेल्या प्रत्येक विनंतीच्या शेवटाला, संपण्याच्या अगदी आधीच्या क्षणावर, एक खिळा ठोका. आता नाकारलेली कोणतीही विनंती घ्या. ती का नाकारली? आपण निवडलेली एखादी तिच्या आधी संपत होती आणि तिची सुरुवात त्या शेवटाच्या अलीकडे होती. म्हणजे ती त्या खिळ्यावरून जाणारच. निवडलेल्या तर आपापल्या खिळ्यावर आहेतच. थोडक्यात, ढिगातली प्रत्येक विनंती कुठल्या ना कुठल्या खिळ्यात अडकली आहे. आणि एकमेकींना न छेदणाऱ्या दोन विनंत्या एकाच खिळ्यावर असू शकत नाहीत. मग खिळे सात असतील तर जगातला कुठलाही शहाणा आठ जणांना कसा बसवेल?

या सिद्धतेची गंमत अशी की नाकारलेल्या माणसाला ती हातात देता येते. तुमच्या सहकाऱ्यांपैकी कुणी "अजून एक बसला असता" म्हणालं तर खिळे दाखवा.

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ८:४५

बाई, दंडवत. खिळे आजच ठोकतो. पटलं, आणि पहिल्यांदाच पटलं.

एकच शंका राहते. सुरुवातीवर हा अन्याय का? शेवटात एवढं काय खास आहे?

गणिताच्या_बाई | मंगळवार, सकाळी ९:१५

अन्याय नाहीच. आरशात बघा. वेळेची रेघ उलटी धरली की प्रत्येक शेवट सुरुवात होतो. म्हणून सर्वांत उशिरा सुरू होणारी विनंती आधी घ्या, मग तिच्या अलीकडच्यांतली सर्वांत उशिरा सुरू होणारी, असं मागे मागे या. हा नियमही तितकाच बिनचूक आहे, माणसंही तितकीच बसतात. यादी वेगळी येऊ शकते.

तुम्ही उजव्या दिशेला चालत असाल तर 'यंत्र पुन्हा मोकळं कधी होणार' एवढंच महत्त्वाचं, आणि ते शेवटावरून कळतं. डाव्या दिशेला चालत असाल तर तेच सुरुवातीवरून कळतं. 'आधी सुरू होणारी' हा नियम चालतो उजवीकडे आणि बघतो डावीकडे, म्हणून आपटतो.

आळशी_उंट | मंगळवार, सकाळी ९:२२

चालतो उजवीकडे, बघतो डावीकडे. माझ्या कारकिर्दीवर बाईंनी एका वाक्यात भाष्य केलं.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १२:५०

माझा अनुभव. एका मुलाखतीत (कंपनीचं नाव नको) फुग्यांचा प्रश्न आला. भिंतीवर आडवे फुगे, प्रत्येक फुगा अमुक ते तमुक एवढा पसरलेला, कमीत कमी किती बाण उभे मारले तर सगळे फुटतील? लीटकोडवर (मुलाखतींच्या सरावाचं संस्थळ) हा ४५२ क्रमांकाचा प्रश्न आहे. आता कळतंय की हे म्हणजे बाईंचे खिळेच. तेव्हा पाठ होतं म्हणून पाच मिनिटांत लिहिलं, शेवटानुसार क्रम, बाण शेवटावर.

आणि एका चाचणीवर आपटलो. क्रम लावताना तुलनेसाठी मी दोन शेवटांची वजाबाकी परत करत होतो, जावामध्ये अनेक जण करतात तशी. चाचणीत एक शेवट होता उणे २१४७४८३६४५ आणि दुसरा २१४७४८३६४७. वजाबाकी ३२ बिटांत (आकड्याला दिलेल्या जागेत) मावली नाही, वळसा घालून उत्तर आलं अधिक ४. म्हणजे संगणकाच्या मते उणे दोनशे कोटीवाला मोठा! क्रम उलटा, बाण एक कमी. ग्रीडी बरोबर, सिद्धता बरोबर, वजाबाकी चूक. तुलना करायची तर थेट 'लहान की मोठा' विचारा, वजाबाकी करू नका.

शून्याधारित | मंगळवार, दुपारी १:१५

+१. दुसरी नेहमीची पडझड म्हणजे टोकाला टोक लागणं. एकाचं ११ ला संपलं आणि दुसऱ्याचं ११ ला सुरू झालं, तर ते भांडण धरायचं की नाही? फुग्यांच्या प्रश्नात टोकाला लागलेला बाणही फुगा फोडतो. पण लीटकोडच्याच ४३५ क्रमांकाच्या प्रश्नात, जिथे कमीत कमी किती काढून टाकावे लागतील ते विचारलंय, तिथे टोकाला टोक चालतं. एका बरोबरच्या चिन्हाचा फरक, रात्र जाते.

अर्धविराम, तुझ्यापुरतं :

विनंत्या समाप्तीच्या वेळेनुसार लाव
मोकळं = आठवड्याची सुरुवात
प्रत्येक विनंतीसाठी :
  जर तिची सुरुवात >= मोकळं :
    निवड
    मोकळं = तिची समाप्ती

सगळा वेळ क्रम लावण्यातच जातो, एन लॉग एन (विनंत्या दुप्पट झाल्या तर वेळ दुपटीहून जरासाच जास्त). पुढची फेरी एकदाच. दोन वापरांमध्ये यंत्र साफ करायला २० मिनिटं लागत असतील तर प्रत्येक समाप्तीत २० मिनिटं मिळव, बाकी काही बदलू नकोस. पण साफसफाई 'कुणानंतर कोण' यावर ठरत असेल तर ही पद्धत मोडते, तेव्हा परत इथे ये.

यंत्रतंत्र | मंगळवार, रात्री ८:३०

कंपायलरवाला (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणारा) म्हणून थोडं अवांतर. तुमचा प्रश्न एक यंत्र आणि काहींना नकार असा आहे. आमच्याकडे बरेचदा उलटं असतं : नकार कुणालाच नाही, यंत्रं किती लागतील ते सांगा. कुठल्याही एका क्षणी जास्तीत जास्त जितक्या विनंत्या एकमेकींवर चढलेल्या असतात तितकी यंत्रं तर लागणारच, आणि आश्चर्य म्हणजे तितकी पुरतातही.

प्रोग्रॅममधलं प्रत्येक चल (व्हेरिएबल) कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत जिवंत आहे, ती त्याची विनंती, आणि प्रोसेसरमधले रजिस्टर (आकडे ठेवायचे मोजकेच कप्पे) ही यंत्रं. पोलेट्टो आणि सरकार यांनी १९९९ मध्ये लिनिअर स्कॅन नावाची पद्धत मांडली. सुरुवातीनुसार एकेक चल घ्यायचं, मोकळं रजिस्टर द्यायचं. रजिस्टर संपले तर ज्याचा शेवट सगळ्यात लांब आहे त्याची रवानगी मेमरीत. जिथे प्रोग्रॅम चालता चालता कंपाईल करायचा असतो तिथे हिचा वेग फार कामाला येतो. त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, हाशिमोटो आणि स्टीव्हन्स यांनी सर्किटमधल्या तारा कमीत कमी पट्ट्यांत बसवायला जवळपास हीच युक्ती वापरली होती. डाव्या टोकानुसार क्रम लावायचा, म्हणून तिचं नाव लेफ्ट-एज.

पुंजकी | मंगळवार, रात्री ९:०५

यंत्रतंत्र, "सुरुवातीनुसार" लिहिलंय तुम्ही. वर तर सगळे शेवटाच्या आरत्या ओवाळतायत. शेवटानुसार क्रम लावून ज्याला जे मोकळं मिळेल ते यंत्र दिलं तर काय बिघडेल?

यंत्रतंत्र | मंगळवार, रात्री ९:४०

चांगला प्रश्न. चार विनंत्या : ० ते २, १ ते ४, ३ ते १०, ६ ते ८. कुठल्याही क्षणी दोनच्या वर नाहीत, म्हणजे दोन यंत्रं पुरली पाहिजेत.

शेवटानुसार चला. ० ते २ ला पहिलं यंत्र. १ ते ४ ला दुसरं. मग ६ ते ८, तिला पहिलं मोकळं आहे, दिलं. आता ३ ते १० आली. पहिल्यावर ६ ते ८ आडवी, दुसऱ्यावर १ ते ४ आडवी. तिसरं यंत्र आणा!

सुरुवातीनुसार चला. ३ ते १० आधी येते, तिला पहिलं मिळतं (ते २ लाच सुटलंय), आणि ६ ते ८ ला दुसरं. दोनात काम झालं. कारण सुरुवातीनुसार चालताना एखादी विनंती अडली, तर तिला अडवणारे सगळे त्याच क्षणी एकदम जिवंत असतात. म्हणजे गर्दी खरीच तेवढी असते. शेवटानुसार चालताना अडवणारे वेगवेगळ्या वेळचे असू शकतात.

पुंजकी | मंगळवार, रात्री ९:४८

म्हणजे प्रश्न बदलला की क्रम बदलतो. पाठांतराचं काम नाही. छान, माझी अर्धी वही रद्द.

कावळेकाका | बुधवार, सकाळी १०:१०

सगळं वाचलं. सिद्धता ठीक, खिळे ठीक. पण या हावरटाचा स्वभाव कुणी बघितला का? ज्याचं काम लांब, त्याचा शेवट उशिरा, त्याचा नंबर शेवटी. दर आठवड्याला तोच बाहेर. अर्धविरामराव, तुमच्याकडे ज्यांचे प्रयोग सात-सात तासांचे आहेत त्यांना या नियमाने किती वेळा यंत्र मिळालं ते मोजा. "जास्तीत जास्त लोक" हे ध्येय कुणी ठरवलं? ते ठरवतानाच कुणाला वगळायचं हेही ठरून गेलं. नोकरीत असताना अशा याद्या मी लावल्या आहेत. गणित बरोबर असतं आणि माणसं बोलेनाशी होतात.

अर्धविराम | बुधवार, सकाळी ११:३०

काका, मोजलं. नवा नियम मागच्या आठ आठवड्यांच्या याद्यांवर चालवून पाहिला. सहा तासांच्या वरच्या विनंत्यांपैकी फक्त एक बसते, तीही सुट्टीच्या दिवसाची, जिथे दुसरं कुणी नव्हतंच.

लोकांऐवजी तास मोजले तर? यंत्र जास्तीत जास्त तास चालतं राहावं असं?

शून्याधारित | बुधवार, दुपारी १२:०५

मग हावरटाला निरोप दे. प्रत्येक विनंतीला वजन (इथे तास) लागलं की साधे नियम एकेक करून पडतात. ९ ते ११, १० ते ५, ४ ते ६ : आधी संपणारे घेतलेस तर दोन माणसं, चार तास. मधला एकटाच सात तासांचा. बरं, सगळ्यात लांब आधी घ्यायचा म्हणशील, तर ९ ते १, १२ ते ५, ४ ते ८ बघ. मधला पाच तासांचा उचललास आणि कडेचे मिळून आठ तास घालवलेस.

इथे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. क्रम शेवटानुसारच लाव, ती सवय वाया जात नाही. मग प्रत्येक विनंतीपाशी दोनच प्रश्न. सोडली तर? आधीच्या विनंतीपर्यंतचं सर्वोत्तम तसंच पुढे येतं. घेतली तर? तिचे तास, अधिक तिच्या सुरुवातीपूर्वी संपलेल्या शेवटच्या विनंतीपर्यंतचं सर्वोत्तम. मोठं असेल ते लिही. ती 'शेवटची विनंती' बायनरी सर्चने (दर वेळी यादी निम्मी करत) शोध. एकूण वेळ पुन्हा एन लॉग एन, म्हणजे हावरटाइतकाच. चाळीस विनंत्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर.

वजन म्हणजे तासच असले पाहिजेत असंही नाही. मागच्या आठवड्यात नकार मिळालेल्याचं वजन वाढव, काकांचा मुद्दाही बसेल.

चष्मिष्ट | बुधवार, दुपारी २:२०

एक वाचलेली गोष्ट. हावरट अल्गोरिदम चालतो तिथे खाली मॅट्रॉइड नावाची रचना असते, व्हिटनी यांनी १९३५ मध्ये मांडलेली. ती असेल तर वजनं काहीही असोत, जड आधी घेत गेलं की सर्वोत्तम मिळतं. मग इथेही मॅट्रॉइड असणार ना? वजनं लागल्यावर का पडलं?

गणिताच्या_बाई | बुधवार, दुपारी ४:००

इथे मॅट्रॉइड नाहीच, चष्मिष्ट. मॅट्रॉइडमध्ये एक यादी दुसरीपेक्षा छोटी असेल तर मोठीतला कुणीतरी छोटीत घालता आलाच पाहिजे. एका यादीत फक्त ० ते १०, दुसरीत १ ते २ आणि ३ ते ४. पहिली छोटी आहे, पण दुसरीतला एकही तिच्यात शिरत नाही. म्हणून वजनं आली की हमी गेली. वजनाशिवाय हावरट चालतो तो रेघेमुळे, सगळं एका सरळ रेघेवर मांडलेलं असल्यामुळे.

आणि माघार घेऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर पुन्हा रिंगणात उतरलात, याचं कौतुक वाटलं.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

हावरटाचा एक पश्चात्तापी भाऊही आहे. तिथे वेळ ठरलेली नसते, फक्त मुदत आणि काम किती तासांचं ते माहीत असतं. कमीत कमी कामं मुदतीबाहेर जावीत अशी इच्छा. मूर यांची १९६८ ची पद्धत : मुदतीनुसार कामं घेत जा, आणि एखादं उशिरा जायला लागलं की आतापर्यंत घेतलेल्यांतलं सगळ्यात लांब काम बाहेर फेक. उचललेलं परत ठेवतो, तरी उत्तर सर्वोत्तम. आमची रात्रपाळीची कामं मी अशीच लावतो, आणि फेकलेलं काम नेहमी माझंच निघतं.

अर्धविराम | गुरुवार, सकाळी ९:३०

दोन बातम्या. पहिली : दुसरं यंत्र मंजूर झालंय. दोन यंत्रं, तरीही सगळे मावणार नाहीत. हावरट चालेल?

दुसरी : मी धाग्याच्या सुरुवातीला एक गोष्ट लिहिलीच नाही. बरेच जण "सोमवारी सकाळी, नाहीतर बुधवारी दुपारी, नाहीतर गुरुवारी" असे तीन पर्याय देतात. मी आजवर पहिलाच पर्याय धरत होतो.

शून्याधारित | गुरुवार, सकाळी ९:५८

चार दिवस! चार दिवस आम्ही भलताच प्रश्न सोडवत होतो!

पहिल्याचं उत्तर : माणसंच मोजायची असतील तर हो. शेवटानुसारच चाल, पण विनंतीला दोन्ही यंत्रं मोकळी असतील तर जे नुकतंच मोकळं झालंय ते दे. समज, एक यंत्र ९ पासून मोकळं आहे आणि दुसरं ११ पासून. ११ ते १ वाल्याला नऊवालं दिलंस, तर पाठोपाठ येणारा १० ते २ वाला लटकला. अकरावालं दिलंस तर दोघंही बसतात.

दुसऱ्याचं उत्तर वाईट आहे. प्रत्येकाला दोन-दोनच पर्याय असते आणि 'सगळे बसतात का' एवढंच विचारलं असतंस तर एका यंत्रासाठी ते टू-सॅटमध्ये (हो-नाहीच्या जोड्यांचं एक सोपं कोडं) बसवून झटपट सुटलं असतं. तीन पर्याय झाले की प्रश्न एनपी-कंप्लीट, म्हणजे झटपट सोडवायची हमखास पद्धत कुणालाच माहीत नाही असा. खिळेही कामाचे नाहीत, कारण एकाच माणसाच्या तीन विनंत्या तीन वेगळ्या खिळ्यांवर असतात.

मात्र सगळे पर्याय एकत्र ओतून आधी संपणारा घेत गेलास, आणि एकदा बसलेल्या माणसाचे बाकीचे पर्याय खोडत गेलास, तर एका यंत्रावर सर्वोत्तमाच्या निम्मे तरी नक्की बसतात. चाळीस जणांसाठी इंटिजर प्रोग्रॅमिंगचा एखादा तयार सॉल्व्हर (असे घ्या-सोडाचे प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर) लाव, तो खरं सर्वोत्तमही काढून देईल.

कावळेकाका | गुरुवार, सकाळी १०:२०

आणि तिसरा मार्ग म्हणजे फोन उचलून विचारणे, "बुधवारी चालेल का?"

अर्धविराम | रविवार, रात्री ८:४०

या आठवड्याचा हिशोब. दुसरं यंत्र यायला वेळ आहे, त्यामुळे एकच धरलं. माझ्या जुन्या पद्धतीने ४१ पैकी १७ जण बसत होते. पहिलेच पर्याय धरून आधी संपणाऱ्यांचा नियम लावला तर १९. तिन्ही पर्याय ओतून तोच नियम लावला तर २६. सॉल्व्हरने २८ काढले. मग सॉल्व्हरला नकाराची वजनं घातली, तेव्हा २५ बसले, पण त्यात सात तासांवाले तिघं आहेत. तीच यादी लावली. काका, दोघांना फोनही केले, त्यातल्या एकाने आपणहून वेळ बदलली आणि सव्विसावा बसला.

ज्यांना नकार गेला त्यांपैकी एकाने विचारलंच, "आमचा काय दोष?" पहिल्यांदा खिळे दाखवावेत असं वाटलं, मग लक्षात आलं की वजनं घातल्यावर खिळे लागू नाहीत. गप्प बसलो आणि पुढच्या आठवड्यात त्याचं वजन वाढवलंय.

सहकारी बाईंना हा धागा दाखवला. म्हणाल्या, दोन मिनिटांच्या खाडाखोडीवर एवढं?

टिंबटिंब | रविवार, रात्री ८:४३

शेवटचा!

शून्याधारित | रविवार, रात्री ८:४५

हा मात्र घेतो. सर्वांत उशिरा सुरू झालेला चालतो, बाईंनी सिद्ध केलंय.